आईसाठी घेतलेले टायर

"ह्या गाडीत मी परत नाय बसायची," असं आई म्हणाली ती भिसे खिंडीच्या वळणावर, भर पावसात, रस्त्याच्या कडेला उभी राहून. गाडीचं तोंड उलटं, रोह्याकडे झालं होतं आणि मागची चाकं गवतात होती. दोघींनाही खरचटलंसुद्धा नव्हतं. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पेणला नेत होते. वेग जास्त नव्हता, हे मी शपथेवर सांगितलं असतं, पण मला विचारतो कोण?

निकाल आधीच लागला होता. आई रोह्याला माझ्या थोरल्या भावाकडे राहते. त्याने फोनवरच ठरवून टाकलं. "गाडीच तसली तिची. बसकी, पळणारी. बाईमाणसाने घ्यायची गाडी हाय का ती? मी तर आदल्या दिवशी धुऊन, खालून ऑइल मारून दिलेली." संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं की मी म्हाताऱ्या आईला गाडीत घालून शर्यत लावत होते.

मला गाडी चालवायला आवडतं, एवढाच माझा गुन्हा. रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करते, पेणला राहते आणि रोजची ये-जा स्वतः चालवत करते. ही सेडान मी हौसेने घेतली. स्टिअरिंग जरासं फिरवलं की वळते, खाली रस्ता कसा आहे ते तळहातांना कळतं. नवऱ्याला गाडी चालवायचा कंटाळा आहे आणि त्याबद्दल आमच्या घरात कोणाला दुःख नाही.

आईचं बोलणं लागलं ते गणपतीमुळे. दरवर्षी माहेरचा गणपती पेणजवळच्या, मूर्तिकारांच्या हमरापूरहून माझ्या गाडीतून रोह्याला जातो. दादा मूर्ती मांडीवर घेऊन मागे, आई पुढे, गाडी मी चालवणार. लग्न होऊन गेलेल्या मुलीला माहेरच्या गणपतीत माझं म्हणावं असं हे एकच काम होतं. "ह्या वर्षी दादाच्या गाडीतून आणू," आई म्हणाली. दादाची गाडी उंच आहे, मोठी आहे, आणि तिच्याविषयी आळीत कोणाचं काही म्हणणं नाही.

टायर झिजले होते, हे मी नाकारत नाही. आमच्या महामार्गाचं काम इतकी वर्षं चाललंय की टायर झिजले नसते तरच नवल. नवे घ्यायला मी पेणच्या दुकानात गेले तर दुकानदाराने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"साहेब गाडी लावतायत का?"

"साहेब घरी भाजी निवडतायत," मी म्हटलं. "टायर मला बघायचेत."

त्याने एक जाड, कडक टायर पुढे ढकलला. "हे घ्या मॅडम. दगड आहे दगड. चार-पाच वर्षं बघायला नको."

मला दगड नकोच होता. मला मऊ रबराचे, पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचांचे आणि ह्या गाडीला सांगितलेल्या मापाचेच टायर हवे होते. ते लवकर झिजतात, तो म्हणाला. झिजू देत, मी म्हटलं. आपल्या रोडला नाय परवडत, तो म्हणाला. "ओल्या रस्त्यावर गाडी थांबते का त्यांनी?" मी विचारलं. "थांबते हो, पण तुम्हाला एवढं काय करायचंय? घर ते कंपनीच ना?" म्हणजे घर ते कंपनी ह्या रस्त्याला ब्रेक लावावा लागतच नाही! हवे ते टायर पनवेलहून मागवायला लावले आणि मगच तिथून हलले.

नवे टायर पहिल्या दिवसापासून रस्ता धरत नाहीत. साच्यातून निघताना त्यांच्या अंगाला एक गुळगुळीतपणा आलेला असतो. तो घासून जाईपर्यंत काही शे किलोमीटर जपून चालवायचं असतं. ब्रेकवर उभं राहायचं नाही, वळणात घाई करायची नाही. मी जपून चालवली. खिंड सोडून लांबच्या वाटेने, खांब-कोलाडवरून कामाला जाऊ लागले. वडखळच्या पुढे टेम्पोवाले हॉर्न वाजवून वाजवून दमले. एक रिक्षा मला मागे टाकून गेली आणि रिक्षावाल्याने वाकून आत कोण आहे ते पाहिलं. "ओ मॅडम, पेट्रोल संपलंय की हिंमत?" हे कंपनीतल्या शिफ्ट इन्चार्जने गेटवर सगळ्यांसमोर विचारलं. गाडी घसरली तर मी शर्यत लावते, हळू चालवली तर मला हिंमत नाही. बाईने नेमकं किती वेगाने जावं हे ह्या लोकांनी एकदा बसून ठरवून तरी टाकावं.

टायरवरची चकाकी हळूहळू गेली. एका दुपारी खांबजवळच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर, पाऊस धो धो पडत असताना, मागे कोणी नाही असं बघून मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत उभी राहिली. मी गाडीत एकटीच हसत बसले आणि संध्याकाळी थेट आईकडे गेले.

"कोलाडपर्यंत बसते," बऱ्याच विनवण्यांनंतर आई म्हणाली. "पण मी घाबरले तर गणपती दादाच्या गाडीत. मग परत विषय काढायचा नाय."

गणपतीआधीचा रविवार ठरला. शनिवारी मी रोह्यालाच राहिले. सकाळी मी अंघोळीला गेलेली असताना दादा किल्ली घेऊन गेला आणि थोड्या वेळाने गाडी घेऊन परत आला. "आई बसायची म्हणून चकाचक करून आणली," तो म्हणाला. बोनेट चमकत होतं. चाकंही चमकत होती. मी खाली बसून टायरवर बोट फिरवलं, तर बोट काळं आणि बुळबुळीत झालं.

इकडे गाडी गंजू नये म्हणून सगळेच खालून तेल फवारून घेतात, मीही घेते. पण पत्र्याला.

"टायरला काय लावलंय?"

"ऑइल. सर्व्हिसिंगवाल्याला म्हटलं, खालून मारतोच हायस तर टायरलापण मार. रबर मऊ राहातं, चिरत नाय."

त्याने ते मनापासून केलं होतं, आणि त्यामुळे मला आणखीच राग आला. निदान मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं. मी बादली आणली, भांड्यांची पावडर आणली, नारळाचा काथ्या घेतला आणि घासायला बसले.

आई दारात आली. "काय झालं गो?"

"टायरला तेल लावलंय ह्याने. असंच निघालो असतो तर पहिल्याच वळणाला घसरलो असतो."

आई पायरी उतरली. काथ्याचा एक तुकडा तिने उचलला, पदर खोचला आणि पलीकडच्या चाकाशी बसली. घासता घासता तिने मान वर केली.

"भिसे खिंडीत गेलो त्याच्या आदल्या दिवशी गाडी तूच नेलेलीस ना रे?"

"ते पावसाळ्याचं ऑइलिंग होतं."

"टायरलापण?"

दादाने बागेतल्या जास्वंदीकडे पाहिलं. "मी दरवेळी मारून घेतो," तो म्हणाला.

आई परत घासू लागली. मला वाटलं होतं तो निदान चुकलं म्हणेल. म्हणाला नाही, अजूनही म्हणालेला नाही. आळीत उठवलेली शर्यत तर कोणीच मागे घेतली नाही. चारही टायर दोनदा धुतले, ब्रेकवर काही उडालेलं नाही ना ते बघितलं, गल्लीत चार वेळा ब्रेक लावून पाहिले आणि मग आईला कोलाडला नेऊन आणलं. जाताना तिने दारावरची मूठ घट्ट धरली होती. येताना तिच्या हातात वाटेत घेतलेली काकडी होती.

गणपती आणायला आम्ही तिघं माझ्याच गाडीने हमरापूरला गेलो. परतताना पाऊस होता. दादा मागे, मांडीवर मूर्ती, तिच्या तोंडावर रुमाल. नागोठण्याला मी सवयीने सरळ, खांबकडे निघाले.

"तिकडून कशाला?" आई म्हणाली. "खिंडीतून घे."

मी गाडी वळवली. ते वळण दिसू लागलं तसा मागून दादाचा आवाज आला, "हळू घे गो, हळू."

आईने मागे वळूनही पाहिलं नाही. "तू मूर्ती सांभाळ," ती म्हणाली. "गाडी तिची ती सांभाळते."