काकड आणि काकडी

दहा जून. हाताला तेल चोपडून शेवळं ही पावसाळी रानभाजी साफ करायला बसले आहे. आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, तो फार खाजरा. भाजी एकच, पण आज दोन कढयांत करायची आहे. एकीत काकड, दुसरीत काकडी. हा मावशींचा हुकूम.

मावशी म्हणजे मी मराठी शिकवते त्या भिवंडीच्या कॉलेजातल्या शिपाई. दिघाशीकडच्या एका वारली पाड्यावरून यायच्या. काल निवृत्त झाल्या. त्यांच्या बोलीत अहो-जाहो नाहीच, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या पोरांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे ‘तू’. नवे प्राचार्य आले त्या दिवशी मावशींनी त्यांना फाटकातच धरलं. "तू कोन? आयकार्ड हाय?" सरांकडे नव्हतं. "मंग ऱ्हा उबा." क्लार्क येईपर्यंत सर उभे होते.

दुसरी खोड म्हणजे एक प्रश्न. कॅन्टीनचा वडा बिघडलाय म्हणा, मावशी विचारणार, "चाखलंस?" अमका सिनेमा टुकार आहे म्हणा, "चाखलंस?" एकदा आमच्या एक मॅडम होणाऱ्या सुनेचं कौतुक करत होत्या. मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "चाखलीस?" स्टाफरूममध्ये चहा सांडला, तोही त्यांनीच पुसला.

यंदा प्रकल्प तपासायला कॉलेजने एआय आणलं. प्रकल्पांचा ढीग आणि मी एकटी, मला ते सोयीचंच वाटलं. मावशींच्या पाड्यातली सुनंदा दुसऱ्या वर्षाला आहे. तिने रानभाज्यांवर प्रकल्प केला, आईला आणि पाड्यातल्या बायांना विचारून. लिहिलं होतं, ‘शेवळं काकडाशिवाय शिजवत नाहीत.’ एआयने शेरा मारला: ‘काकड’ हे ‘काकडी’चे अशुद्ध रूप दिसते, माहितीला विश्वसनीय संदर्भ नाहीत. मी लाल पेनाने सतरा ठिकाणी वेलांटी दिली आणि नापास केलं. पोरगी नापास राहिली तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. गुणांची यादी अकरा तारखेला द्यायची होती.

काल निरोपाचा नारळ-शाल झाला आणि मावशी माझ्या टेबलाशी आल्या. एका हातात सुनंदाचा प्रकल्प, दुसऱ्या हातात शेवळांची जुडी. पदराच्या गाठीतून त्यांनी हिरवी, बोराएवढी, आंबट फळं काढली.

"हा काकड. यात वेलांटी कुटं हाय, दाव."

मी म्हटलं, "मावशी, ते मशीनने सांगितलं."

"मशीननं चाखलंय?"

"त्याला जीभ नसते हो."

"तुला हाय ना?" जुडी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "अर्ध्यात काकड घाल, अर्ध्यात तुजी काकडी. मंग दे पोरीला मार्क."

आणि गेल्या. फाटकाची किल्ली क्लार्ककडे दिली, प्राचार्यांना "येते रे" म्हणाल्या, रिक्षात बसल्या. मागे वळून पाहण्याची त्यांना सवय नव्हती.

तर दोन्ही भाज्या झाल्या. काकडाची उत्तम. नवऱ्याने तीच ताटात ओढून घेतली आणि दुसरीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती तुझ्या विषयातली." काकडीच्या भाजीचा मी एक घास घेतला. जिभेला, घशाला शेकडो सुया टोचल्या; शेवळांची खाज आंबट काकडाने मरते, काकडीने नाही. पुढचा तासभर मी चिंच चोखत आणि कोकम पीत स्वयंपाकघरात येरझारा घातल्या.

मशीनने वाचलेल्या मराठीत काकड नव्हता. माझ्याही मराठीत नव्हता. पण माझ्यासमोर बावीस वर्षं मावशी रोज फरशी पुसत होत्या, मी विचारलं नाही.

अकरा जून. सकाळी घसा बसलेलाच होता. सतरा वेलांट्या व्हाइटनरने पुसल्या, सुनंदाचे गुण नव्याने भरले आणि यादी दिली. मग पाहुण्या व्याख्यात्यांचा फॉर्म घेतला. मावशींचं पूर्ण नाव क्लार्कला विचारावं लागलं. ‘पात्रता’ या रकान्यात लिहिलं, ‘चाखलेलं आहे.’

प्राचार्यांनी चष्मा काढला. "मॅडम, हे काय? शिकवणार काय त्या?"

मी काकडीच्या भाजीचा डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "चाखता, सर?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.