चांदण्या पाखातले बांबू

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलं नाही, आणि ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लेकीला एकदा सांगायला बसले होते, पण तांदूळ निवडता निवडता भलत्याच गोष्टी सांगून उठले. तुम्ही परके आहात, तेच बरं आहे. घरच्या माणसांनी मला फार चांगली समजून ठेवलंय.

गोष्ट एका सैपाकघराची आहे. हसू नका. बाईच्या हातून पाप घडायला सैपाकघर पुरतं.

मुलचेऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, आणि जिल्हा तेव्हा चांदाच होता. समोर धानाच्या बांध्या, तिन्ही बाजूंनी जंगल, आणि घरामागे उतारावर बोडी — म्हणजे लहानसं तळं. घर मातीचं, दोन खोल्यांचं. सैपाकघर म्हणायचं आपलं. चुलीपुढे बसलं की पाठ भिंतीला लागायची. सासूबाई आत आल्या की मी बाहेर, मी आत गेले की त्या बाहेर. माझी आई पहिल्यांदा आली, तेव्हा दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "एवढ्या खुराड्यात रांधते काय वं तू?" ती गमतीत बोलली. मला ते चार वर्षं पुरलं.

मग एका हंगामात धान बरं पिकलं आणि हे म्हणाले, वाढव तुझं सैपाकघर. मळणी चालू होती, ते खळ्यावर मुक्कामाला. घराचं सगळं माझ्यावर सोपवून गेले. मी अंगणामागे राखेने रेघा ओढल्या. इथे दोन चुली, इथे जातं, इथे पाण्याची मांडणी, बोडीकडे खिडकी. आणि खिडकीशेजारी दार, आणि दारातून बाहेर पाऊल टाकलं की — मचाण. उतारावर ऐनाच्या लाकडाचे चार खांब रोवायचे, वर बांबूची तट्टी, पुरुषभर उंच. मिरच्या वाळवायला, मोहफुलं पसरायला, आणि कोणी नसताना पाय सोडून नुसतं बोडीकडे बघायला. असं मचाण गावात कोणाच्या घराला नव्हतं. खरं सांगायचं तर म्हणूनच मला हवं होतं.

बांबूचं काम जुरूभाऊचं. जुरूभाऊ म्हणजे पलीकडच्या जंगलातल्या पाड्यावरचा माडिया माणूस, तेव्हा चाळिशीचा असेल. लोखंडाचा खिळा न वापरता, नुसत्या वेलीच्या सालीने बांधून तो असं छप्पर उभं करायचा की वादळ यावं आणि आल्या वाटेने परत जावं. माझ्या राखेच्या रेघांवरून तो हात मोजत फिरला. मचाणाच्या रेघेपाशी थांबून हसला. "मचान तं रानडुकरं हाकलाले बांधते, बाई. तुमी कोनाले हाकलसान?"

मीही हसले. तेव्हा उत्तर माहीत नव्हतं.

त्याची एक अट होती. बांबू अंधाऱ्या पाखात तोडलेलाच हवा. अंधारा पाख म्हणजे पौर्णिमेनंतरचा पंधरवडा. चांदण्या पाखात, चंद्र वाढत असताना, बांबूत रस चढतो, तो गोड होतो, आणि गोडाला घुण लागतो — तो बारीक किडा, आतून पीठ करून टाकणारा. इकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. आणि त्या संध्याकाळी वाढत्या चंद्राची चतुर्थीची कोर मावळतीला दिसत होती.

"अंधार लागू द्या, बाई. बांबू कुठी पळून जाते काय?"

पण आई संक्रांतीला येणार होती. अंधार लागेपर्यंत थांबायचं, मग तोडायचं, मग बांधायचं — तोवर ती येऊन, तेच खुराडं बघून परत गेली असती. तुम्हाला हे कारण क्षुल्लक वाटेल. मलाही वाटतं. पण क्षुल्लक कारणासाठी माणूस केवढं करून जातो, ते तरी कोणाला आधी कळतं?

आठवडी बाजारात टोपल्या विणणारे बांबू घेऊन यायचे. टोपलीला ओला, ताजा बांबूच लागतो, त्यांना पाखाचं सोयरसुतक नाही. मी त्यांच्याकडून गाडीभर घेतले. त्यांच्यातल्या म्हातारीने मला स्वच्छ सांगितलं, "बाई, हे टोपल्यायचे होत. घराचे नाईत." मी म्हटलं, मला टोपल्याच करायच्या आहेत. हे पहिलं खोटं — तोंडातून कसं सहज निघालं बघा. बांबू दोन रात्री बोडीच्या चिखलात टाकून ठेवले, हिरवा रंग दिसू नये म्हणून. आणि जुरूभाऊला निरोप धाडला की माझ्या भावाने माहेराहून बांबू पाठवलेत, मागच्या अंधाऱ्या पाखात तोडलेले.

तो आला. बांबू वाजवून बघितला. मग कापलेलं टोक पदराला पुसावं तसं आपल्या धोतराला पुसलं आणि जिभेला लावलं. मी दारात उभी.

"गोड लागून राह्यला, बाई."

"माझ्या माहेरची मातीच गोड आहे, जुरूभाऊ."

मी हे हसत म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं — संशयाने नाही. तेच तर सांगायचंय, संशय नव्हताच. त्याच्या पाड्यावर झाडाबद्दल, जंगलाबद्दल कोणी खोटं बोलत नाही. ते बोलता येतं हेच त्याला माहीत नव्हतं. "तुमी सांगता तं असन," म्हणाला, आणि कोयता काढला.

संक्रांतीला आई आली. नव्या सैपाकघरात दोन्ही चुली पेटल्या होत्या. ती मचाणावर बसली, तिळाचा लाडू खाल्ला आणि म्हणाली, "राणी झाली वं तू." बस्स. एवढ्यासाठी.

उन्हाळा लागला आणि एका दुपारी, सगळं निजलेलं असताना, मी आवाज ऐकला. कुर्र... कुर्र. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. पाप आढ्यावरून ओरडतं म्हणतात. माझं ओरडलं नाही, कुरकुरलं. मचाणाखाली जाऊन बघितलं तर जमिनीवर पीठ सांडलेलं. पिवळसर, मऊ, ज्वारीच्या पिठासारखं. त्या दिवसापासून मी रोज सकाळी, सासूबाई उठायच्या आत, मचाणाखाली झाडू लागले. शेजारणी म्हणायच्या, काय टापटीप बाई आहे!

सैपाकघराच्या छपरालाही तेच बांबू होते. पण तिथे दिवसभर चुलीचा धूर. धुराने बांबू काळे झाले, कडक झाले, घुणाला काही चालेना. सैपाकघर वाचलं. मचाणाला धूर कुठला? ते बाहेर, उघड्यावर, आतून पोकळ होत होतं, आणि वरून पिवळंधमक, देखणं.

पावसाळा गेला. आवाज वाढला. की मलाच जास्त ऐकू येत होता? चोराच्या मनात चांदणं — ही म्हण कोणी माझ्यासाठीच करून ठेवली असावी. मी कितीदा ठरवलं, आज सांगते. ह्यांना सांगते, जुरूभाऊला बोलावते, तट्टी बदलून घेते. पण मग तो विचारणार, बांबू कुठले? मग भावाचं खोटं, बाजारातलं खोटं, गोड मातीचं खोटं. एक दोरी ओढावी आणि सगळं गाठोडं सुटावं. मी दुसऱ्या दिवसावर ढकलत राहिले.

आता मात्र सांगते. इतका वेळ मी ह्याच एका गोष्टीभोवती फिरतेय, तुमच्या लक्षात आलं असेल.

मी स्वतः मचाणावर जाणं बंद केलं होतं.

पोळ्यानंतर मी त्यावर पाऊल टाकलं नाही. मिरच्या अंगणात वाळवायला लागले. कोणी विचारलं तर सांगायचे, तिथे ऊन नीट येत नाही. लेक रांगत होती, तिला त्या दारापाशी जाऊ द्यायची नाही. दाराला आतून कडी घालायचे. पण सासूबाई — ज्यांनी बांधताना सगळ्यांत जास्त नाकं मुरडली होती, त्यांनाच ते मचाण सगळ्यांत जास्त आवडायला लागलं होतं. रोज सकाळी कडी काढून, कोवळ्या उन्हात त्या तिथे जाऊन बसायच्या. मी चुलीपाशी बसून त्यांच्या पावलांखाली तट्टी करकरताना ऐकायचे. रोज. आणि भाकरी थापत राहायचे.

एक शब्द लागला असता. "जाऊ नका." एवढाच.

दुसऱ्या वर्षी, मोहफुलं पडायच्या दिवसांत, भरल्या सकाळी ते कोसळलं. आवाज फारसा झालाच नाही. कोरडं काही मोडावं तसा, आणि मग सासूबाईंची किंकाळी. कंबर मोडली होती. सगळं गाव धावलं, खाटेवर घालून त्यांना गाडीकडे नेलं. हे सोबत गेले. अंगण रिकामं झालं. आणि मी काय केलं असेन? रडले? रडत होतेच. रडत रडत मोडलेले बांबू गोळा केले. हातात घेतले की चुरा व्हायचा, बोटांना पीठ लागायचं. दोन्ही चुली पेटवल्या आणि संध्याकाळपर्यंत एकेक तुकडा जाळला. पीठ झाडून बोडीत टाकलं. परत आलेले लोक म्हणाले, रागाने जाळून टाकलं बिचारीने.

मग गावाने हिशेब लावला, आणि तो सरळ होता. सैपाकघर त्याच बांबूचं, ते धड उभं आहे. म्हणजे बांबू चांगले. म्हणजे बांधणाऱ्याचाच हात वाईट. कोणी म्हणालं, दारू पिऊन बांधलं असेल. कोणी म्हणालं, गाठी मुद्दामच ढिल्या ठेवल्या.

जुरूभाऊ तिसऱ्या दिवशी आला. खांबांभोवती फिरला, त्याने बांधलेल्या गाठी खांबांवर तशाच घट्ट होत्या, पण ते बघतो कोण? मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ओसरीवर माणसं बसलेली, हेही होते.

"तुकडे कुठी हायेत, बाई?"

"जाळले."

त्याने विचारलं, "बांबू अंधाऱ्या पाखातलेच होते ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो."

त्याने मान हलवली. चिडला नाही, भांडला नाही. चिडला असता तर मी कदाचित... नाही, तेही नाही. तो एवढंच म्हणाला, "मग माही जीभच खोटी. मले ते गोड लागले होते." आणि गेला.

त्यानंतर त्याला कोणी काम सांगितलं नाही. आमच्या गावाने नाही, आजूबाजूच्याही नाही. पण त्याहून वाईट म्हणजे त्याने स्वतःच कोयता खाली ठेवला. पाड्यावर कोणाचं घर बांधायचं झालं, तरी म्हणायचा, माझ्या जिभेवर भरवसा नाही. पुढे तो ठेकेदाराच्या मजुरांत गेला. ज्याने आयुष्यभर चांदण्यात बांबूला हात लावला नव्हता, तो पाख न बघता बांबू तोडू लागला. इकडे सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर होत्या. मी त्यांचं सगळं केलं. "सून असावी तर अशी," असं पंचक्रोशीत म्हणत. शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी त्याच्यासाठी शिव्याशाप होते आणि माझ्यासाठी आशीर्वाद. दोन्ही मी ऐकून घेतले.

आणखी एकच सांगायचं राहिलंय.

सासूबाई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात जुरूभाऊ आला. वाकला होता, केस पांढरे झाले होते. हातात वीतभर बांबूचा तुकडा. त्याच्या लेकीचं घर बांधायचं होतं, जावई बांबू घेऊन आला होता. अंगणात उभा राहून त्याने तो तुकडा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"बाई, तुमी चाखून सांगा. माह्या जिभीचं काही खरं नाई."

साऱ्या मुलखात त्याला खरं बोलणारं माणूस म्हणून मीच सापडले होते.

मी टोक जिभेला लावलं. गोड होतं. साखरेसारखं नाही, कोवळ्या कणसासारखं, पण गोड. "गोड आहे, जुरूभाऊ," मी म्हटलं. "हा नको वापरू."

तो हलला नाही. मग हळूच म्हणाला, "मले बी गोडच लागला."

आणि त्याने बोडीकडे बघितलं. तिथे ऐनाचे चार खांब अजून उभे होते, वर काही नसलेले. त्यांच्याकडे बघितलं, मग सैपाकघराच्या काळ्या छपराकडे, मग माझ्याकडे. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. तोंड उघडायला मला तेवढा वेळ होता. मी उघडलं नाही.

"येतो, बाई," तो म्हणाला. तुकडा त्याने परत मागितला नाही.

संध्याकाळी मी तो चुलीत घातला.