कॉम्प्युटर मीच जोडणार म्हटलं तो हिवाळा

एक पातळसा प्लास्टिकचा तुकडा मी काढला नाही, आणि त्यापायी महिनाभर नातीशी खोटं बोलत राहिले. मूर्खपणा सांगायचाच तर असा सरळ सांगून टाकावा. तेव्हा मी तरुण होते, जेमतेम अडुसष्ट वर्षांची, आणि त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला सगळं कळतं.

यजमान गेले त्या वर्षी मुलाने साताऱ्याचं घर बंद करून मला इकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला आणलं. पुढे गवत, मागे गवत, आणि थंडी आली की दोन्हींवर बर्फ. मुलगा-सून सकाळच्या गाडीने शिकागोला जात. मला ड्रायव्हिंग येत नाही. चालत जाण्यासारखं एक तळं होतं, पण बर्फात फुटपाथ काचेसारखा होई आणि मुलाची सक्त ताकीद होती, की एकटीने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. पुढचं दार उघडलं की भिंतीतून एक बाई बोलायची, ‘फ्रंट डोअर, ओपन’, आणि लगेच मुलाचा फोन यायचा. आई, बाहेर गेलीस का? नाही रे, बर्फ बघत होते. एकदा कंटाळा असह्य झाला तेव्हा मी त्या बाईला दमवायचं ठरवलं आणि दार सारखं उघडबंद, उघडबंद केलं. ती काही दमली नाही. मुलगा मात्र मीटिंग सोडून फोनवर आला. त्यानंतर मी तिच्या वाटेला गेले नाही.

नात तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, विमानाने जावं लागेल इतक्या लांब. हायस्कूलमध्ये असताना तिने मला एक गेम शिकवला होता. त्यात आपलं म्हणून एक माणूस असतं. ते डोंगरदऱ्यांतून फिरतं, लाकडं तोडतं, घर बांधतं, लांडगे आले तर पळतं. माझं माणूस म्हणजे कमरेला कुऱ्हाड लावलेला दाढीवाला बुवा. मुद्दामच घेतला तसा. जन्मभर साडीचा घोळ सावरत चालले, म्हटलं आता जरा बूट घालून हिंडू. गुडघे माझे दुखायचे, बुवाचे नाही. शेजारच्या कुणा अनोळखी माणसाच्या वाफ्यातली गाजरं मी येताजाता उपटायचे. नात म्हणायची, आजी, दॅट्स स्टीलिंग. मी म्हणायचे, एवढी तयार झालीत, वाया का घालवायची?

ती कॉलेजला गेली आणि मग या गेमचं खरं मोल मला कळलं. व्हिडिओ कॉलवर ती आम्हा सगळ्यांना एकच सांगायची, ‘आयॅम गुड’. गेममध्ये मात्र, कानांवर हेडफोन लावून आम्ही दोघी शेजारी शेजारी लाकडं तोडत असलो की मध्येच बोलून जायची. रूममेट बोलत नाही. जेवायला कुणाच्या टेबलावर बसायचं ते कळत नाही, म्हणून खोलीतच दुधात सिरियल घालून खाते. चेहरा दिसत नसला की मुलं बोलतात. मी उपदेश करायचे नाही. ‘ते पलीकडचं झाड घे,’ एवढंच म्हणायचे, आणि झाड पडेपर्यंत पुढचं बोलणं आलेलं असायचं.

हे सगळं चालायचं मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर. डिसेंबरच्या सुट्टीत नात घरी आली असताना त्याने प्राण सोडला. मग जेवणाच्या टेबलावर वाद सुरू झाला, की आजीला गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचा तो रेडीमेड की सुटे भाग आणून जोडायचा.

मुलगा रेडीमेडच्या बाजूचा. खोकं येणार, प्लग लावायचा, विषय संपला. बिघडला तर वॉरंटी आहे, एक फोन करायचा. नात म्हणाली, बाबा, त्यात वरून लाइट्स भारी देतात आणि आतला पॉवर सप्लाय फालतू टाकतात, शिवाय नंतर काही बदलायचं म्हटलं तर बदलता येत नाही. मुलगा म्हणाला, मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, मला कुणी स्क्रू घट्ट करायला सांगू नका. सून म्हणाली, आई, तुम्हीच सांगा तुम्हाला काय हवं ते. त्या घरात हा प्रश्न मला बऱ्याच दिवसांनी कुणीतरी विचारत होतं.

माझ्या खोलीत मी येण्याआधीच सगळं ठरलेलं होतं. पलंग, पडदे, वारांप्रमाणे कप्पे पाडलेली गोळ्यांची डबी, बाथरूममध्ये धरायला दांडा. कुणी वाईट हेतूने केलेलं नव्हतं. उलट फार विचार करून केलेलं होतं, आणि त्यामुळे तक्रारही करता येत नव्हती. रेडीमेड कॉम्प्युटर आला असता तर तोही त्यातलाच एक झाला असता. बंद पडला की मी हात बांधून शनिवारची वाट बघत बसले असते, मुलाला फोन करायला वेळ होईपर्यंत.

मी म्हटलं, ‘जन्मात कधी रेडीमेड ब्लाऊज घातला नाही मी. जोडायचा. आणि मीच जोडणार.’

‘आई, हा ब्लाऊज नाहीये.’

‘नसू दे. माप ही पोर देईल, शिवेन मी.’

मुलाने हसत हसत एक अट घातली. चालला तर चालला. नाही चालला तर कुरकूर करायची नाही, सगळे भाग परत जातील आणि तुला छानसा टॅबलेट आणून देईन, भजनं ऐकायला. टॅबलेटवर आमचा गेम चालत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. तरी मी मान डोलावली.

खोकी येऊ लागली तोवर नात परत गेली होती. मी जेवणाच्या टेबलावर जुनं सुती पातळ अंथरलं, पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, आणि दुपारी ती मोकळी असली की व्हिडिओवरून सांगायची तसं मी करायचे. मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मोठा पत्रा. त्याला मी तान्ह्या बाळासारखं धरत होते. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. मेमरीच्या पट्ट्या मात्र जोर लावून दाबायच्या. मी आपली पुरणपोळी लाटावी तशी हलक्या हाताने चाचपतेय, आणि फोनमधून नात म्हणतेय, आजी, घाबरू नको, दाब. खट्कन आवाज आला तेव्हा दोघी हसलो.

राहिला होता कूलर. मेंदू तापतो, त्याच्या डोक्यावर पंख्याचा एक जड ठोकळा बसवायचा. मध्ये वाटाण्याएवढी पेस्ट. तेवढ्यात तिचा क्लास सुरू व्हायची वेळ झाली. उद्या करू, आजी, वेट फॉर मी. मी हो हो म्हटलं आणि तिचा चेहरा स्क्रीनवरून गेल्याबरोबर स्क्रू ड्रायव्हर उचलला.

ठोकळ्याच्या तळाला तांब्याची गुळगुळीत चकाकी होती आणि तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक. त्यावर इंग्रजीत लिहिलेलंही होतं, बसवण्याआधी काढा. मी वाचलं. वाचून हसले. प्लास्टिकच्या बाबतीत मला कुणी शिकवावं? लग्नानंतर आमच्याकडे पहिला सोफा आला तेव्हा त्यावरचं प्लास्टिक मी तो फाटेपर्यंत काढू दिलं नाही. मे महिन्यात पाहुणे त्याला चिकटायचे आणि उठताना असा काही आवाज व्हायचा की यजमान घाईघाईने चहाचं विचारायचे. स्कूटरच्या सीटवर प्लास्टिक, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, फ्रिजच्या मुठीला टॉवेल. इथे आल्यावर सुनेच्या नव्या मायक्रोवेव्हवरचं प्लास्टिक तिने काढलं तेव्हा मी दिवसभर हळहळत होते. एवढी सुंदर तांब्याची चकाकी, आणि तिला उघडी करून पेस्ट फासायची? छे. कंपन्यांना काय, वस्तू लवकर खराब झाली तर हवीच आहे. मी त्या प्लास्टिकवरून प्रेमाने हात फिरवला, चारही स्क्रू आवळले आणि दुसऱ्या दिवशी नातीला सांगितलं, झालंसुद्धा.

कॉम्प्युटर सुरू झाला. निळे-हिरवे दिवे लागले, पंखे फिरले. मुलगा ऑफिसातून आला, बघतच राहिला. त्याने साताऱ्याचे जुने फोटो त्यावर टाकले, ते छान दिसले. मग त्याने सगळीकडे सांगायला सुरुवात केली. रथसप्तमीच्या आधी घरी हळदीकुंकू झालं. बायका वाण घेऊन निघाल्या की मुलगा त्यांना माझ्या खोलीकडे वळवायचा, माझ्या आईने स्वतः बिल्ड केलाय. मंडळाच्या एका काकूंनी तर कॉम्प्युटरलाही हळदीकुंकू लावू का विचारलं. मी म्हटलं, लावा, पण बाहेरून.

गेम लावला की मात्र तो दगा द्यायचा. बुवा घराबाहेर पडायचा, तळ्यापर्यंत जायचा, आणि पडदा काळा. थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू केला तर पुन्हा तेच. पहिल्या दिवशी नातीला सांगितलं, लाइट गेली होती. अमेरिकेत, माझ्या खोलीपुरती लाइट गेली. तिने ऐकून घेतलं.

मी शोध सुरू केला. प्लग बदलला. एकेक वायर ओढून पाहिली. खोलीतला हीटर बंद करून शाल घेऊन बसले, तर तो दोन मिनिटं जास्त चालला आणि मला वाटलं जमलं, नाही जमलं. कुणी घरात नसताना मीठ-मोहऱ्या घेऊन त्याची दृष्टही काढली. धुराचा अलार्म वाजला, भिंतीतली बाई काहीतरी बोलली आणि मुलाचा फोन आला. म्हटलं, फोडणी जळली रे.

सांगायचं कुणाला? मुलाला सांगितलं तर टॅबलेट. त्यातून त्याने गावभर केलेलं माझं कौतुक आता त्याला गिळावं लागणार. नातीला सांगितलं तर ती बापाला सांगणार, नाहीतर स्वतःला दोष देणार, की आपणच आजीला भरीला घातलं. आणि खरं सांगू का, वेट फॉर मी म्हटलेलं असताना मी थांबले नव्हते, ते मला सांगायचं नव्हतं. त्या खोलीत निळे-हिरवे दिवे लुकलुकत होते, बाहेर बर्फाचे ढीग खिडकीच्या कठड्यापर्यंत आले होते, आणि मी माझ्याच हाताने आवळलेल्या स्क्रूंच्या आत जाऊन बसले होते.

मग रोज एक कारण. आज झूमवर भजन आहे. आज गुडघा धरलाय. आज डोळ्यांत थेंब घातलेत, स्क्रीन बघायची नाही. आज जरा लवकर झोपते. माझी कल्पनाशक्ती त्या महिन्यात फार बहरली. नात सुरुवातीला म्हणायची, ओके, मग उद्या? पुढे पुढे नुसतंच ओके. मग तिने विचारणंच सोडलं. व्हिडिओवर दिसायची, हसायची, आयॅम गुड म्हणायची. मागे तिच्या टेबलावर सिरियलचा वाडगा दिसायचा.

एका रविवारी जेवताना मुलाने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, आई, तुला काही होतंय का? मी म्हटलं, मला काय धाड भरलीये? तो म्हणाला, नातीचा फोन आला होता त्याला, रडत होती. आजीला काय झालंय ते खरं सांगा, म्हणाली. आजोबांच्या वेळी तुम्ही असंच केलं होतं. आज ते झोपलेत, आज त्यांना बरं वाटत नाही, आज देवळात गेलेत. माझी एक्झाम संपेपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आजोबांच्या वेळी तिला काही सांगायचं नाही हे माझंच ठरलं होतं. पोरीची परीक्षा आहे, तिला कशाला त्रास, असं मीच साताऱ्याहून फोनवर बजावलं होतं. यजमान अखेरच्या दिवसांत तिची आठवण काढत होते आणि मी तिला सांगत होते, आजोबा देवळात गेलेत. त्या वेळची सगळी कारणं मी या महिन्यात पुन्हा वापरली होती, फक्त देऊळ तेवढं बदललं होतं.

ताटावरून उठले, हात धुतले आणि तिला फोन लावला. मुलगा दारात उभा होता. म्हटलं राहू दे, ऐकू दे. सगळं सांगितलं. तब्येत ठणठणीत आहे, गुडघा नेहमीचाच आहे, कॉम्प्युटर गेममध्ये बंद पडतो, तुझी वाट न बघता कूलर मी एकटीने बसवला. टॅबलेटच्या भीतीने गप्प बसले, हेही सांगितलं. मागून मुलगा पुटपुटला, अगं आई, मला म्हणायचंस तरी. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

नात हलकेच म्हणाली, कॅमेरा फिरव, मला दाखव. पंख्याचा ठोकळा काढ. मी स्क्रू सैल केले, ठोकळा वर उचलला. पेस्टमध्ये माखलेलं, कडांनी चुरगळलेलं ते प्लास्टिक, मेंदूची सगळी उष्णता अडवून, तसंच तळाला चिकटलेलं होतं. मुलाला आधी कळलं, तो हसू दाबत स्वयंपाकघरात गेला. मी म्हटलं, हस बाई, तूही हस, मला पाहिजे तेवढी नावं ठेव, पण टॅबलेट आणू देऊ नकोस.

ती हसली नाही. बाहीने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘आजी, खोटं बोलायचं असेल तर बोल ना. पण गेममध्ये लॉगिन करून बोल. तिथे मी रोज तुझी वाट बघायचे. आय वॉज जस्ट स्टँडिंग देअर.’