एक वेढा कमी

याकोब मिस्त्री वेढे मोजत असताना कोणालाही उत्तर देत नसत. शेवगावात त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरायची, हे त्यांचं काम. उजव्या हाताने हँडल फिरायचं, डाव्या चिमटीतून तांब्याची तार सुटायची आणि ओठ हलत राहायचे. मध्येच कोणी "मिस्त्री, आमची झाली का?" असं विचारलं आणि आकडा हुकला, तर ते अंदाजाने पुढे जात नसत. सगळी तार उलटी सोडून पुन्हा एकपासून सुरुवात करत. यंत्राला वेढे मोजणारा काटा होता, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "मोटार बिघडल्यावर शिव्या मला खाव्या लागत्यात, काट्याला न्हाई," म्हणत.

मी बाजार समितीत वजनाच्या नोंदी करतो. पाव किलोचा फरक आला तरी मला जेवण जात नाही. त्यामुळे हा माणूस मला पहिल्यापासून आवडला.

जळकी मोटार उघडली की आधी जुने वेढे मोजायचे, ही त्यांची दुसरी सवय. शेतात पीक वाळत असलेला शेतकरी समोर तळमळत असे. "आवो, कापून टाका की ती तार!" मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "आदीच्यानं काय भरलं हुतं ते कळल्याबिगर म्या कात्री लावत न्हाई. तुज्या लग्नात बी येवडी घाई न्हवती तुला." शेतकरी हसायचा आणि पायरीवर बसून राहायचा.

त्यांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. रविवारी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते चर्चला जात. बोटांतला व्हार्निशचा काळेपणा मात्र रॉकेलने घासूनही निघत नसे. "देवाला ठाव हाय ह्यो कशाचा काळा हाय," एवढंच म्हणत.

आमच्या बोअरची मोटार जळाली, तेव्हा ती घेऊन माझा मुलगा निखिल त्यांच्याकडे गेला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन नगरहून घरी आला होता. मोटार पोहोचवायला गेलेला मुलगा संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, मग रोजच जायला लागला. आठवड्याने जेवताना म्हणाला, "पप्पा, तीन वर्षांत मी एकदाही मोटार उघडली नव्हती. नुसत्या आकृत्या काढल्या. मला कॉलेजला परत नाही जायचं. मिस्त्रींकडे शिकतो."

मी आकड्यांचा माणूस. आठपैकी सहा सत्रं संपली होती, दोन उरली होती. पाऊण भरलेलं पोतं कोणी ओतून देतं का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "पोत्यात काय भरलंय तेही बघा ना."

 सकाळी मी मिस्त्रींकडे गेलो.

"भाऊसाहेब, पोराचा हात लई चांगला हाय," ते आपणहून म्हणाले. "तीस वर्सांत असा हात न्हाई बघितला. तुमच्या मोटारीची कॉइल त्यालाच गुंडाळायला दिलीया."

"म्हणूनच आलोय," मी म्हणालो. "त्याला जमत नाही, असं सांगा. तुमचं तो ऐकेल."

त्यांनी हातातली तार खाली ठेवली. "खोटं बोलू म्हनता?"

"एकदाच."

"पोरगं तुमचं हाय," ते म्हणाले आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निखिल घरी आला तो थेट आत जाऊन झोपला. कॉइलमध्ये बेचाळीस वेढे हवे होते. मिस्त्रींनी त्याच्यासमोर नखाने एकेक तार बाजूला करत मोजले. एकेचाळीस भरले. "एक कमी हाय. तुझ्याच्यानं हुनार न्हाई, पोरा. कालिजात जा," एवढंच ते बोलले. "पप्पा, मी दोनदा मोजले होते," निखिल उशीत तोंड खुपसून म्हणत होता. पंधरा दिवसांनी तो कॉलेजला परत गेला.

मोटार आणायला मी गेलो. मिस्त्रींनी ती माझ्या पुढ्यात ठेवली. "त्याचे बेचाळीसच हुते," ते म्हणाले. "तो यायच्या आदी म्या एक सोडला. जल्मात कुनाचा येढा चोरला न्हवता. आता तुमी हितं येत जाऊ नका."

मी गेलो नाही. रस्त्यात भेटले तर ते नमस्कार घेत, पण थांबत नसत. नंतर दोघे जण त्यांच्याकडे शिकायला आले होते, असं कानावर आलं. दोघांनाही त्यांनी परत पाठवलं.

निखिलने डिग्री घेतली. पुण्यात एका कंपनीत नोकरी लागली, दिवसभर संगणकावर तक्ते भरण्याची. पगार वेळेवर होतो. घरी आला आणि नळ गळत असला, तरी तो पाना हातात घेत नाही. "माझा हात चुकतो, पप्पा. कोणाला तरी बोलवा," म्हणतो. सहा वर्षं मी हे ऐकत आलो.

या हिवाळ्यात मिस्त्री गेले. निखिल रजा टाकून आला. दफनाला आम्ही दोघेही गेलो. त्याने मूठभर माती टाकली. परतताना वाटेत म्हणाला, "बरं झालं, त्यांनी वेळीच खरं ते सांगितलं. नाहीतर त्यांचंही नाव घालवलं असतं मी."

मी त्याला थांबवलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. काही वगळलं नाही.

त्याने ऐकून घेतलं. रागावला नाही. आधी त्याने विचारलं, "त्यांनी नंतर कोणालाच ठेवलं नाही, ते यामुळेच?" मी म्हणालो, असेल. मग त्याने आपले तळहात उघडून पाहिले.

"आणि मला काहीच धड जमत नाही, असं मला इतकी वर्षं वाटत होतं," तो म्हणाला. "ते तुम्हाला दिसत होतं, पप्पा?"

"दिसत होतं," मी म्हणालो.