गल्लीच्या टोकाचं पाणी

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. हे विसरता येत नाही, कारण यात सगळ्यात आधी मूर्ख ठरलो तो मी.

तेव्हा उज्जैनला भैरवगढच्या बाजूला माझ्याकडे ठाण्याचा चार्ज होता. ऐन उन्हाळ्यात नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, एका साहेबांची लेखी तक्रार आली. कापडावर छपाई करणाऱ्यांच्या एका गल्लीत कुणीतरी पहाटे वॉल्व्ह उघडून चोरून पाणी सोडतं, म्हणून वरच्या वस्तीला कमी पडतं. संशय तिथल्या वॉल्व्हमनवर होता. बारा वर्षं रोजंदारीवर घासलेला माणूस, पुढच्या महिन्यात कायम व्हायचा होता. गुन्हा नोंदला की कायम होणं गेलंच.

मी त्याला दुपारभर बसवलं, आवाज चढवला, टेबल आपटलं. त्याचं एकच पालुपद. "साहब, मैंने नहीं खोला। किसने खोला, वो भी नहीं बताऊँगा।"

आमचे हेडसाहेब, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, म्हणाले, माणूस खरा वाटतो. मी म्हणालो, खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे.

संध्याकाळी एक चहावाला खबर घेऊन आला. "इसकी चाबी जप्त करके देख लो साहब, पानी फिर भी आएगा।" वॉल्व्हची चावी म्हणजे आडव्या मुठीचा, कमरेइतका लोखंडी दांडा. तो मी जप्त करून मालखान्यात कुलपात ठेवला आणि पहाटे साध्या कपड्यांत गल्लीत जाऊन उभा राहिलो.

समोरून आले ते शहराचे माजी महापौर. आम्हा मराठी मंडळींचे काका. रोज ठाण्यासमोरून फिरायला जात, हातात असाच एक दांडा. मी रोज सलाम ठोकायचो आणि मनाशी म्हणायचो, कुत्र्यांसाठी असेल! पोलिसाची नजर ती हीच.

काकांनी झाकण सरकवलं, दांडा आत घालून फिरवला. गल्लीतल्या नळांना धार लागली. हंडे आधीच रांगेत मांडलेले होते.

"आलास? बरं झालं," काका म्हणाले. "दहा मिनट थांब, यांचं भरून होऊ दे. मग चलू."

ठाण्यात त्यांनी सगळं सांगितलं. ही लाइन त्यांच्याच कारकिर्दीत टाकलेली. टोकाकडे चढ आहे, पाणी पोचणार नाही, असं इंजिनिअरने बजावलं होतं. पण निवडणूक तोंडावर होती. काकांनी फीत कापली, हार घातले गेले, आणि टोकाची घरं कोरडीच राहिली. गल्लीतला वॉल्व्ह उघडून वरच्या वस्तीचं पाणी थोडा वेळ इकडे वळवलं तरच तिथे धार येते. पद गेल्यावर त्यांनी चावी करवून घेतली.

"अर्ज किती दिले, कुणी ऐकेना. चूक माझी होती रे. त्या बायांना काय सांगू, चुनाव होता म्हणून?"

मला भरून आलं. मी म्हणालो, "काका, तुम्ही घरी जा. मी आरोपी अज्ञात लिहितो."

ते भडकले. "अज्ञात लिहिलंस तर संशय त्या बिचाऱ्यावरच राहणार. माझं नाव लिही. आणि लाइन चुकीची टाकली, तेही लिही."

जबाबाच्या प्रत्येक पानावर त्यांनी सही केली. तो कागद वर गेला, मग निगमला हलावंच लागलं. पाइप नव्याने टाकला गेला. वॉल्व्हमन कायम झाला. मी त्याची माफी मागितली.

पण मधल्या काळात टावर चौकात पोहे खाताना पेपरात मथळा वाचला: माजी महापौरच पाणीचोर. बशी तशीच ठेवली. तसाच काकांकडे गेलो. ते तोच पेपर वाचत बसले होते.

"महापौर होतो तेव्हा इतकं खरं माझ्याबद्दल कधी छापलं नव्हतं यांनी," ते म्हणाले आणि मला बसायला सांगितलं.

संशय नेहमी खालच्या पायरीपासून घ्यायचा, ही खोड मी त्यानंतर मोडली. वर्दीत पुष्कळ मोठ्या माणसांचे जबाब घेतले. माझं नाव काढा म्हणणारे सगळेच होते. माझं नाव लिही म्हणून अडून बसलेला तो एकच.