पेटीत न पडलेली आयडिया

आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यात किस्से भंगारासारखे साचतात. कोणी उचलत नाही, म्हणून मीच उचलतो. मी ड्रिल लाइनचा सुपरवायझर, संशय घेणं हे माझं कामच. पण आमच्या लोकांपुढं मी कच्चा लिंबू!

*

मॅनेजर साहेबांनी गेटजवळ पेटी लावली. नवी आयडिया टाका, बक्षीस न्या. पेटीकडं कुणी बघेना, कारण वर कॅमेरा. साहेबांनी कॅमेरा काढला, तर संशय दुप्पट. काढला म्हणजे कुठंतरी लपवला, असं सगळ्यांचं ठरलं.

आधी चितेगावच्या कारखान्यात कामाला असलेल्या शेख चाचांनी त्यात भर घातली. तिथं एकानं आयडिया दिली होती म्हणे. "आयडिया पास हो गई, बंदा घर गया."

पेटीत शेवटी एकच चिठ्ठी निघाली. पेटीला कुलूप का, असं विचारलं होतं.

*

मग साहेबांनी पुण्याहून ट्रेनर आणला. डोळे मिटा, डोक्यातलं सगळं काढून टाका, नवं आपोआप सुचेल, म्हणाला. तेवढ्यात आमच्या लाइनवरच्या कांताबाईचा फोन वाजला. वस्तीत नळ आला होता. नळाच्या दिवशी पाणी किती वाजता येईल ते फक्त वॉल्व्हवाल्याला ठाऊक. निम्मे लोक त्याच वस्तीतले, अर्धा हॉल रिकामा झाला!

ट्रेनरनं डोळे उघडले नि मलाच विचारलं, लोक कुठं गेले. म्हटलं, "आधी हंडे भरू द्या साहेब, मग डोकं रिकामं होईल."

*

भानुदास नि कांताबाई एकाच ड्रिलवर. ती लोखंडी पट्टी दाबून धरणार, हा भोक पाडणार. बाईच्या घरी पांगळी सासू, पाणी भरायला दुसरं कुणी नाही. नळाच्या दिवशी बाई गुपचूप गायब, तरी माल मात्र पुरा! मला शंका आली. गुपचूप मागं जाऊन उभा राहिलो.

भानुदासनं बापाच्या मेंढ्या कातरायच्या जुन्या कातरीचा चिमटा केला होता. पट्टी त्यात घट्ट बसायची, हात लावायला नको. मी खूश झालो. म्हटलं, पेटीत टाक, बक्षीस तुझंच.

त्यानं चिमटा फडक्यात गुंडाळला नि माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच चोर.

"मग कांताबाईला कामावर कोण ठेवंल?"

लई वाईट वाटलं.

*

परवा नळाचा दिवस. साहेब अचानक लाइनवर आले. भानुदासनं चिमटा मांडीखाली सरकवला, नि मी धावत जाऊन कांताबाईच्या जागी पट्टी धरून बसलो. सुपरवायझर असून!

बाई कुठंय, साहेबांनी विचारलं. बाथरूमला, मी म्हटलं. साहेबांनी माझ्या हातातली पट्टी बघितली.

"अरे, साधी पट्टी धरायला एक माणूस लागतो? काहीतरी शोधा ना!"

भानुदासनं टोपी सारखी केली.

"लई डोकं चालवलं साहेब. नाय जमत."