लिंबाशिवाय गोळाभात

नागपूरच्या एका हॉटेलात मी तीन महिन्यांच्या उमेदवारीवर होते. कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन द्यायची, हे शिकण्याचं काम. शेफनी एक ड्राय, म्हणजे अजिबात गोडवा नसलेली व्हाइट वाइन माझ्या हाती दिली. दोन जातींच्या द्राक्षांची मिळून केलेली. हिच्याशी जमेल असा आपल्या भागातला पदार्थ शोध, सोमवारी हॉटेलातल्या सगळ्यांना वाढ आणि हाच का, ते सांग, म्हणाले. नोकरी पक्की होणं त्यावरच होतं. शोधायचं मला जमलं असतं. सांगायची भीती होती. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून गप्प राहायची सवय लागली, ती मराठीतही गेली नाही.

शुक्रवारी बाटली ओढणीत गुंडाळून गावी, सौंसरला जाणाऱ्या बसमध्ये बसले. घरी काकू एकटीच असते. माझं काम तिला माहीत आहे; शेजाऱ्यांना मात्र आम्ही सांगत नाही. संध्याकाळी सावजी रस्स्याबरोबर वाइन घेऊन पाहिली. तिखटानं ती कडूच लागली. पाटवडीचंही तेच. वांग्याच्या भाजीपुढे तर वाइन आहे की पाणी, कळेना.

शनिवारी काकू जामसांवलीच्या देवळात नैवेद्य नेते. नैवेद्याचं ती चाखत नाही. मीठ कमी की जास्त, ते नुसत्या वाफेवरून ओळखते, आणि चुकलेली मी कधी पाहिली नाही. दुपारी ती परतली तेव्हा मी ग्लास आणि वही घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. वहीत सगळं खोडलेलं.

"तोंड पाडून कायले बसून राहिली वो?"

मी सगळं सांगितलं. तिनं पदराला हात पुसले.

"आण इकडे. प्याले नको देऊ, फक्त हुंगू दे."

डोळे मिटून तिनं दोनदा वास घेतला. "गोड नाही हे. लिंबू हाय यात. अन् संत्र्याच्या कोवळ्या सालीचा वास." एवढंच लिहायला मला इंग्रजीत चार ओळी लागल्या होत्या. "याले तेल पाहिजे. गोळाभात दे. पण वरून लिंबू पिळशील तं दोघांचं भांडण लागन."

लिंबाशिवाय गोळाभात मी जन्मात खाल्ला नव्हता. काकूनं हरभऱ्याच्या डाळीचा भरडा मळला, गोळे भातावर वाफवले, हिंग-मोहरी-लाल मिरचीचं कडकडीत तेल वरून ओतलं. एक घास, एक घोट. जिभेवरचं तेल निघून गेलं आणि मागून डाळीची गोडी आली. मला हसूच फुटलं. काकू विचारत राहिली आणि मी तोंड भरलेलं ठेवून नुसती मान हलवत राहिले.

सोमवारी गोळाभात मीच केला. वाढताना कुणीतरी सवयीनं प्रत्येक ताटात लिंबाची फोड ठेवली. मी धावत जाऊन सगळ्या फोडी उचलल्या. शेफनी भुवया उंचावल्या.

"गोळाभात, अन् लिंबू नाही?"

"लिंबू ग्लासात आहे," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. कुणाकडून शिकलीस, असं त्यांनी विचारलं. काकूकडून, मी म्हटलं, आणि तिनं तर थेंबही घेतला नाही. त्यांनी घास घेतला, घोट घेतला, खुर्ची ओढून बसले आणि आणखी तेल मागितलं. मग म्हणाले, मेन्यूत घेऊ, पण गिऱ्हाइकांच्या टेबलाशी जाऊन सांगायचं तूच.

मी हो म्हटलं. आणि भरडा जाडसरच का दळायचा, ते कुणी न विचारताच सांगायला लागले.